रंगपेटी : चौघं हातात हात घालून

ऑगस्ट उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी पोस्टर कलर घ्यावेत की जलरंग, एलिमेंटरीच्या स्थिरचित्रात सावली किती गडद करायची, असलं विचारणारे वाचक एकदम ‘एकता’, ‘सद्भावना’, ‘विविधता’ लिहायला लागतात. २० ऑगस्टला सद्भावना दिन, नोव्हेंबरात कौमी एकता सप्ताह, मधे कुठल्या तरी मंडळाची किंवा पतसंस्थेची स्पर्धा. मी एकतीस वर्षं मिरजेत चित्रकला शिकवली, परीक्षक म्हणून किती गठ्ठे उलटले त्याची मोजदाद नाही. त्यामुळे हा महिना माझ्या ओळखीचा आहे.

बाई, आमच्या जिल्हा परिषद शाळेत ‘विविधतेत एकता’ या विषयावर स्पर्धा घेतली. १४० चित्रं आली. शंभरावर चित्रांत एकच प्रकार : चार मुलं हातात हात घालून उभी. एकाला टिळा, एकाला जाळीची टोपी, एकाला फेटा, एकाच्या गळ्यात क्रॉस. मागे भारताचा नकाशा, वर तिरंगा. नंबर काढायचे कसे? — एक शिक्षक, जत तालुका

सर, त्या चौघांना मी चांगली ओळखते. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी ते भेटले आणि निवृत्तीच्या दिवशीही टेबलावर हजर होते. तेव्हा मुलं पाठ्यपुस्तकाच्या मलपृष्ठावरून उतरवायची, आता मोबाइलवरून उतरवतात, एवढाच फरक. गंमत बघा, त्यातल्या शीख मुलाचा फेटा नेहमी कोल्हापुरी निघतो, शेमला खांद्यावर सोडलेला. काढणाऱ्या पोरानं शीख माणूस पाहिलेलाच नसतो. न पाहिलेल्या माणसाच्या हातात हात घालायला आपण त्याला सांगतो आणि वर ‘सुंदर’ असा शेरा देतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील सतारमेकर गल्लीत तंबोरे करायचे. अशाच एका स्पर्धेला त्यानंही ते चौघं काढून आणले. टोपीवाला मुलगा अगदी छापील. मी सहज विचारलं, “तुझे अब्बा कामावर अशी टोपी घालून बसतात का रे?” तो हसला. म्हणाला, “नाही बाई, बनियनवर असतात. भुसा उडतो ना.” म्हटलं, मग ते काढ. भुसा काढ.

आठ दिवसांनी त्यानं पाव इंपिरियल कागदावर जे आणलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. कोपऱ्यात पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांचा ढीग, काही कापलेले, काही अख्खे. मधे बनियन घातलेले वडील, मांडीवर तंबोरा, हातात कानस. जवारी काढणं चाललं होतं, म्हणजे तारेचा नाद नीट घुमावा म्हणून तिच्याखालची घोडी घासणं. समोर पोत्यावर एक भजनी बुवा, कपाळाला बुक्का, कान तारेजवळ नेलेला, डोळे मिटलेले. वडिलांची नजर घोडीवर नव्हती. बुवांच्या चेहऱ्यावर होती. जवारी बरोबर लागली की नाही हे त्या चेहऱ्यावरूनच कळायचं होतं. पोरानं घोडी आणि तार यांच्यामधला सुताचा दोरासुद्धा काढला होता, केसाएवढा. तारा चार. मी मोजल्या. त्या वर्षी ज्या चित्रांत तंबोरा होता, त्यांतल्या निम्म्यांत त्याला सहा नाहीतर सात तारा होत्या.

नंबर आला नाही. एका परीक्षकांनी विचारलं, “यात एकता कुठे दिसतेय?” मी त्या समितीत होते आणि दोन मतांनी हरले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यात आधी मला ते चित्र आठवलं. कागद कुठे गेला कोणास ठाऊक. शाळेच्या कपाटात वाळवीनं खाल्ला असणार.

तर आता तुमचे नंबर. १४० चित्रांतून ते चौघं नसलेली आधी बाजूला काढा. फार निघणार नाहीत. त्या मुलांना एकेक करून बोलवा आणि चित्रातल्या माणसाकडे बोट दाखवून एवढंच विचारा, “हा कोण?” ज्याला नाव सांगता आलं, कुठे पाहिला ते सांगता आलं, तो पुढे. रेषा कच्ची असली तरी चालेल, रेषा पुढच्या वर्षी सुधारते. चौघांच्या चित्रांनाही विचारा हं. एखादीनं टिळेवाला मुलगा म्हणून स्वतःचा भाऊ काढलेला असतो आणि टोपीवाला म्हणून त्याचा क्रिकेटमधला जोडीदार. छापील चित्राआड असा खरा माणूस लपलेला सापडतो.

पुढच्या वर्षी मात्र विषयच बदला. ‘एकता’ दिसत नाही, माणूस दिसतो. तुमच्या तालुक्याच्या पूर्वेला कन्नड बोलणारी गावं आहेत. ‘मला ज्याची भाषा येत नाही असा माझा ओळखीचा माणूस’ असा विषय देऊन बघा. किंवा ‘दुसऱ्याच्या सणाला मी काय काम केलं’. कडेगावच्या मोहरमला उंच ताबूत निघतात तेव्हा दोऱ्या ओढणारे हात कोणकोणाचे असतात हे तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. हिवाळ्यात शेजारच्या फडावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं चार महिने तुमच्याच वर्गात बसतात. त्यातल्या एकीलाच विषय सुचवायला सांगितलंत तर? आणि मुलांना एक ताकीद द्या : कोणाला काढायचं असेल तर आधी त्याला विचारायचं, आणि झालेलं चित्र त्याला दाखवायचं. या दाखवण्याच्या धाकानं पोरं इतकी नीट बघायला लागतात की काही विचारू नका.

माझ्या मुलीचं चित्र एका संस्थेच्या शांतता स्पर्धेत बाद झालं. कारण तिनं चित्रातल्या पाटीवर ‘शांती’ असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. अक्षरांचं एवढं वावडं का? — एक पालक, इचलकरंजी

नियमपत्रक नीट वाचलं नाहीत, ताई. रागावू नका, निम्मे पालक वाचत नाहीत. लायन्स क्लबची जगभर चालणारी शांतता पोस्टर स्पर्धा १९८८ पासून आहे, अकरा ते तेरा वयाच्या मुलांसाठी. तिथेही चित्रावर अक्षर किंवा आकडा चालत नाही, आणि हल्ली बऱ्याच स्पर्धांनी हा नियम उचललाय. मला तो पटतो. चित्र ब्राझीलमधल्या परीक्षकासमोर ठेवलं तर तुमच्या मुलीचं देवनागरी ‘शांती’ त्याला नक्षीच वाटणार. आणि खरं सांगू? ‘शांती’ लिहिलं की ती काढायची जबाबदारी संपते. तिला म्हणावं, पाटी कोरी ठेव आणि पाटी धरणाऱ्या बाईचा चेहरा रंगव.

अक्षर चांगलं आहे तर ते वाया घालवू नका. सुलेखनाच्या स्पर्धा वेगळ्या असतात, तिथे पाठवा.

माझी मुलगी कर्णबधिर आहे, आठवीत. चित्रं चांगली काढते असं सगळे म्हणतात. गेल्या तीन वर्षांत पाच स्पर्धांत भाग घेतला, पाचही वेळा ‘उत्तेजनार्थ’. बक्षीस देताना माइकवरून तिच्या कानांबद्दल बोलतात. परवा तिनं प्रशस्तिपत्रक घरी आल्यावर फाडलं. मी तिला रागावले. चुकलं का? — एक आई, सोलापूर

रागावलात ते चुकलं. तुकडे चिकटवत बसला नाहीत ना? नका बसू.

माझ्या वर्गात अशीच एक होती. पहिल्या बाकावर, खिडकीशी. तिच्या चित्रांत माणसांची तोंडं जरा मोठी असायची, ओठ ठळक, पुष्कळदा अर्धवट उघडे. बाहेरच्या परीक्षकांनी शेरा दिला, ‘प्रमाण चुकले आहे.’ प्रमाण चुकलं नव्हतं हो. ती ओठ वाचायची. बसस्टँडवर उभी राहिली की तिला सगळ्यात आधी माणसाचं तोंड दिसायचं, तेच तिनं काढलं होतं. मलाही हे तिसऱ्या चित्रापर्यंत कळलं नव्हतं. मग एकदा तिनं माझं चित्र काढलं आणि त्यात माझं तोंड पूर्ण बंद, नुसती एक रेघ. विचारलं का, तर वहीत लिहिलं : ‘तुम्ही फळ्याकडे तोंड करून शिकवता.’

त्या दिवसापासून मी फळ्याकडे पाठ करून बोलायला शिकले.

तिलाही एका स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालं. तिनं वहीत प्रश्न लिहून परीक्षकांपुढे धरला : ‘मला किती मार्क?’ त्यांनी कागद चाळले. बाकी सगळ्यांना होते, तिच्या नावापुढे रकाना कोरा. तिचं चित्र मोजलंच नव्हतं, आधीच वेगळं काढून ठेवलं होतं, कौतुकानं. तुम्हीही हेच विचारा, लेखी. गुणांनी उत्तेजनार्थ आलं असेल तर घ्यायचं, मान खाली घालायचं कारण नाही, पुढच्या वेळी तिसरा आणू. गुणच नसतील तर नम्रपणे परत करा. आयोजकांनाही माझं सांगणं आहे : चित्राच्या मागे नाव नको, शाळा नको, फक्त क्रमांक. क्रमांकांची यादी परीक्षण संपेपर्यंत पाकिटात बंद. एवढं केलंत की दया आपोआप बाहेर राहते.

केंद्र सरकारचा ‘कला उत्सव’ २०१५ पासून सुरू आहे, नववी ते बारावीसाठी. पुढच्या वर्षी ती नववीत जाईल, शाळेला आत्तापासून आठवण करा. आणि टाळ्यांचं म्हणाल तर कर्णबधिर मंडळी दोन्ही हात वर करून हलवतात, ती त्यांची टाळी. माइकवर कानांबद्दल बोलण्यापेक्षा सूत्रसंचालकानं सभागृहाला हे शिकवलं तर चारशे माणसांचे हात तिला स्टेजवरून दिसतील.

आम्ही पुण्यातल्या एका कॉलेजचा गट. एकांकिका ऊसतोडीच्या फडावरची आहे. मुख्य पात्र बंजारा बाई. तिचे काही संवाद गोरमाटीत हवेत असं लेखकाचं म्हणणं, पण आमच्यात ती भाषा कोणालाच येत नाही. काही जण म्हणतात, मराठीच जरा वाकडी करून बोलू, प्रेक्षक हसतीलही. काय करावं? — गटातली एक

मी नाटकवाली नाही, आधीच सांगते. भाचा कॉलेजात असताना त्यांच्या एकांकिकेचं नेपथ्य रंगवायला आठवडाभर पुण्यात राहिले होते, तेवढाच अनुभव. महाराष्ट्रीय कलोपासकांचा पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चाललाय. भरत नाट्य मंदिरात पडदा उघडण्याआधी पोरं “अरे आव्वाज कुणाचा!” म्हणून जे ओरडतात, त्यानं माझ्या हातातला ब्रश पडला होता. त्या आरोळीचा प्रश्न तुमच्या एकांकिकेला विचारून बघा ना. आवाज कुणाचा?

वाकडी मराठी ही कुठलीच भाषा नाही. ती तुमच्या मनातल्या गावंढळ माणसाची भाषा आहे. प्रेक्षक हसतील म्हणता, हसतीलच. पण त्या बाईच्या बोलण्यावर हसतील, आणि मग पुढच्या प्रसंगात ती मुकादमाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, अडकल्यावर रडायला तयार होणार नाहीत. नाटक म्हणूनही तोट्याचा सौदा आहे.

आता सोपी गोष्ट. भरत नाट्य मंदिरातून बाहेर पडा आणि सदाशिव पेठेत चालायला लागा. दर दोन इमारतींनंतर एक अभ्यासिका आहे. यवतमाळ, वाशीम, बीडकडची पोरं तिथे स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली असतात. त्यांत गोरमाटी बोलणारी मुलगी तुम्हाला दोन दिवसांत सापडेल. तिची आई कदाचित तुमच्या नाटकातल्या बाईसारखीच फडावरच्या कोप्यांत, झोपड्यांत राहिली असेल, कदाचित तालुक्याच्या गावी शिक्षिका असेल. आधीच ठरवून जाऊ नका. तिला संहिता वाचायला द्या. संवाद तिच्याकडून करून घ्या आणि तालमीला समोर बसवा. ती कुठे हसते आणि कुठे गप्प होते, तेवढं बघा. ती गप्प झाली त्या जागी काहीतरी चुकलंय. नाव पत्रकात छापा, आणि मानधन द्या, ‘सोबत चहा घेतला’ म्हणून भागवू नका.

कपड्यांचं राहिलं. ड्रेपरीवाल्याकडे ‘लमाणी ड्रेस’ म्हणून जो चमचमता प्रकार भाड्यानं मिळतो तो गॅदरिंगच्या नाचासाठी. पहाटे चारला थंडीत कोयता घेऊन फडात शिरणारी बाई आरसेकाम केलेली नवी कोरी कांचळी, म्हणजे चोळी, घालून ऊस तोडेल का? फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, वापरतात त्या बायका अंगावर वरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, उसाचं पान हात कापतं म्हणून. शर्टाची एक बाही फाटकी ठेवा. कुठली फाटकी, ते त्या मुलीलाच विचारा.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, इथे अमेरिकेत शाळेत आहे. पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) ‘रिफ्लेक्शन्स’ स्पर्धेसाठी त्यानं जेवणाच्या टेबलाचं चित्र काढलंय : त्याचा थालीपिठाचा डबा आणि शेजारी त्याचा मित्र. चित्राबरोबर मुलाचं निवेदन द्यावं लागतं. त्यानं दोनच ओळी लिहिल्यात : ‘पहिल्या दिवशी त्यानं नाक धरलं. आता तो अर्धं मागतो.’ मी ‘वसुधैव कुटुंबकम्’ घालून छान परिच्छेद लिहून दिला, तर तो घ्यायला तयार नाही. समजावा. — एक आई, न्यू जर्सी

समजावते, पण तुम्हाला. त्या दोन ओळींना हात लावू नका. ही स्पर्धा १९६९ मध्ये कोलोरॅडोत मेरी लू अँडरसन यांनी सुरू केली ती मुलांनी स्वतः काय केलं ते बघायला, आणि निवेदनही मुलाचंच हवं असतं. नाक धरल्याचा उल्लेख तुम्हाला खटकला असणार, आपल्या थालीपिठाचा अपमान म्हणून. पण तो मुलगा ते विसरलेला नाही, लपवतही नाही, आणि तरी अर्धं देतो. तुमच्या परिच्छेदात हे कुठे होतं?

एकच सुचवते. मित्राच्या डब्यात काय होतं ते चित्रात दिसतंय का बघा. नसेल तर विचारा, त्यानं कधी चाखलं का म्हणून.

बाई, मी सातवीत आहे. आमच्या शाळेत ‘आमच्या गावाचा अभिमान’ या विषयावर चित्र काढायचं आहे. मला मिरजेच्या दर्ग्याचा उरूस काढायचा आहे. आई म्हणते, नको, कोणीतरी काहीतरी बोलेल, किल्ला काढ. — एक विद्यार्थी, मिरज

बाळा, तुझी आई घाबरते ते उगीच नाही. तू जन्मला नव्हतास तेव्हा, २००९ साली गणपतीत, आपल्याच गावात कमानीवरच्या एका चित्रावरून दंगल पेटली. संचारबंदी लागली, शाळा बंद. चित्रावरून, लक्षात घे. मी चित्रकलेची बाई, मला त्या आठवड्यात झोप लागली नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला वर्गात कागद वाटले आणि विषय दिलाच नाही. पोरांनी काय काढलं असेल? रिकामे रस्ते. छत्तीस मुलांनी रिकामे रस्ते काढले, कुणी कुणाचं न बघता. एकानं मधोमध एक कुत्रं काढलं होतं.

त्यामुळे आईला आधी पटव, तिच्याशी भांडू नकोस. तिला सांग की मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाला, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीला, किती मोठं स्थान आहे. तिला ठाऊकच असेल, मिरजेची आहे ना. आणि थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण काढ. ते मूळचे उत्तरेत कैराण्याचे, राहिले मिरजेत, शिष्य कुंदगोळचे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, तेव्हा त्यांना दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाण्याची बैठक होते, चिंचेच्या झाडाखाली. मी लहान असताना वडिलांच्या मांडीवर झोपून तिथलं गाणं ऐकलंय. म्हणजे झोपलेच होते, ऐकलं असं घरचे म्हणतात.

गर्दी काढायला जाऊ नकोस, सातवीत गर्दी जमत नाही, नुसते गोळे होतात. पुढची तीन-चार माणसं नीट काढ. तंबोरा धरणारा, पेटीवाला, आणि सगळ्यात मागे चपलांची राखण करणारं कोणीतरी. तंबोऱ्याला तारा चार. एखाद्या दुपारी, गर्दी नसताना, आईलाच बरोबर घेऊन दर्ग्यात जा, कच्चं रेखाटन तिथे बसून कर. आणि झाड काढताना पानं जवळून बघ. चिंचेच्या एका काडीला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक पानं असतात, टोकाशी बोथट. गेल्या वर्षी तुझ्या शाळेतल्या एकानं तिथे वड काढला होता.